गावे पायांनी वाचणारा माणूस

माहूरचे देवस्थान एका डोंगरावर नाही. रेणुकामाता एका शिखरावर, दत्तप्रभू दुसऱ्यावर, अनसूयामाता तिसऱ्यावर; मध्ये कुठे मातृतीर्थ, कुठे पांडवलेणी, कुठे देवदेवेश्वर, कुठे सोनापीर बाबांचा दर्गा, आणि पलीकडे किल्ल्याची तटबंदी. श्रावणी पौर्णिमेला या साऱ्याला परिक्रमा घालायला माणसे येतात, तेव्हा ती जंगलातून, ओढ्याओढ्यांतून पायी चालतात. हा सगळा पसारा कुणा एका वास्तुविशारदाने कागदावर आखलेला नाही. चालणाऱ्याला जिथे दम लागला तिथे पार झाला, जिथे पाणी लागले तिथे कुंड बांधले गेले, जिथे सावली होती तिथे हळद-कुंकवाचे, तांबुलाचे दुकान आले. माहूरच्या वाटांचे माप माणसाच्या पावलाचे आहे.

आता मात्र कुठल्याही तीर्थक्षेत्राच्या विकासाची चर्चा सुरू झाली की पहिला प्रश्न निघतो तो गाड्यांचा. गाड्या किती येतील, कुठे उभ्या राहतील, वरपर्यंत रस्ता किती रुंद करता येईल? हे प्रश्न खोटे नाहीत. नवरात्रात माहूरच्या घाटात अडकून पडलेल्या एस.टी.त ज्याने दोन तास काढले आहेत, तो त्यांना खोटे म्हणणार नाही. पण चालणाऱ्याचा विचार या यादीत शेवटी येतो आणि बहुतेक वेळा निधी संपल्यावर येतो. अशी चर्चा ऐकली की मला हटकून पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश माणसाची आठवण येते. माहूरवर त्यांनी काही लिहिलेले नाही. पण शहर किंवा गाव सुधारायचे तर आधी ते पायी फिरले पाहिजे, हा धडा त्यांनी शंभर वर्षांपूर्वी आपल्याच देशातल्या गल्लीबोळांतून फिरून घालून दिला. नगररचनेच्या विद्यार्थ्यांना त्यांचे नाव परीक्षेपुरते ठाऊक असते. बाकीच्यांना तेही नाही. मुंबई विद्यापीठातले समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक हेच, हे सांगितले तर पुष्कळांना नवल वाटेल.

गेडिस वास्तुविशारद नव्हते. ते वनस्पतिशास्त्राचे माणूस. 2 ऑक्टोबर 1854 रोजी स्कॉटलंडमधल्या बॅलेटर या गावी त्यांचा जन्म झाला. वडील सैन्यात होते. निवृत्तीनंतर ते पर्थ शहराबाहेरच्या टेकडीवर लहानशा घरात राहिले. धाकट्या मुलाला घेऊन ते टेकडी चढायचे, बाग राखायचे, वरून खालचे गाव आणि नदी दाखवायचे. वरून सगळे एका नजरेत पाहायचे आणि मग खाली उतरून एकेक वाट चालायची, ही सवय गेडिसांना तिथे लागली आणि ती आयुष्यभर सुटली नाही. काही दिवस बँकेत नोकरी करून ते लंडनला थॉमस हक्स्ले यांच्या हाताखाली जीवशास्त्र शिकायला गेले.

पंचविशीत, 1879 मध्ये, मेक्सिकोला संशोधनासाठी गेले असताना त्यांची दृष्टी एकाएकी गेली. काही आठवडे त्यांना अंधाऱ्या खोलीत डोळे बांधून बसावे लागले. खिडकीच्या चौकटीतले काचेचे तुकडे बोटांनी चाचपता चाचपता त्या चौकोनांत विचार मांडायची युक्ती त्यांना सुचली. पुढे ते खिशात घडीचे कागद बाळगीत आणि प्रत्येक विषय त्या घड्यांच्या घरांत बसवीत. ऐकणारे वैतागत. दृष्टी परत आली, पण सूक्ष्मदर्शकावर तासन् तास डोळा लावणे आता शक्य नव्हते. पेशी पाहणारा माणूस शहराकडे वळला. वनस्पती जशी माती, पाणी, उजेड यांना धरून वाढते तसे गावही वाढते, असे मानणारा माणूस गाव उपटून दुसरीकडे लावायला सहसा तयार होत नाही. गेडिसांच्या पुढच्या साऱ्या कामाचे मूळ इथे आहे, असे मला वाटते.

1886 मध्ये अ‍ॅना मॉर्टन यांच्याशी त्यांचे लग्न झाले. नवे जोडपे राहायला गेले ते एडिंबरोच्या जुन्या भागात, जेम्स कोर्ट नावाच्या चाळवजा इमारतीत. किल्ल्यापासून डोंगरकण्यावरून उतरणारा एक रस्ता आणि त्याला दोन्ही बाजूंनी फुटलेले अरुंद बोळ, अशी त्या भागाची ठेवण. आपल्याकडच्या गडाखालच्या वस्तीची आठवण व्हावी अशी. बोळांत घाण, जिन्यांत अंधार. ऐपतदार माणसे केव्हाच नव्या भागात निघून गेलेली. पालिकेच्या दृष्टीने उपाय एकच, पाडून टाका. गेडिस पती-पत्नींनी शेजाऱ्यांना हाताशी धरून झाडलोट केली, चुना काढला, खिडक्यांत फुलझाडे लावली. जी घरे खरोखर पडायला आली होती तेवढीच काढून त्या जागी हवा आणि उजेड येईल असे लहान अंगण केले. विद्यार्थ्यांसाठी तिथेच वसतिगृह उघडले, म्हणजे शिकणारे तरुण त्या वस्तीत राहू लागले. या सगळ्यात ते कर्जबाजारी झाले. हिशेब हा त्यांचा प्रांत नव्हता आणि त्यांच्या उदार योजनांचा भार अनेकदा अ‍ॅनाबाईंनी आणि मित्रांनी उचलला, हेही सांगितले पाहिजे.

किल्ल्याजवळचा एक जुना मनोरा त्यांनी 1892 मध्ये घेतला. पाहुण्याला ते आधी धापा टाकीत थेट वरच्या मजल्यावर नेत, तिथून सारे शहर आणि त्यापलीकडची शेते दाखवीत. मग एकेक मजला उतरत यायचे. एका मजल्यावर एडिंबरो, त्याखाली स्कॉटलंड, त्याखाली इंग्रजी बोलणारे देश, मग युरोप आणि तळाला जग. वरचा उजेड जवळच्या गावाचा आणि पाया जगाचा, ही मांडणी मला आजही आवडते. 

डोंगरापासून समुद्रापर्यंत दरीचा उभा छेद काढायचा आणि कुठल्या उंचीवर कोण काय काम करून जगतो हे त्यात दाखवायचे, असे त्यांचे एक प्रसिद्ध चित्र आहे. वर खाणकाम करणारा, लाकूडतोड्या आणि शिकारी, मध्ये मेंढपाळ, खाली शेतकरी, किनाऱ्याला कोळी. माहूरच्या शिखरावर उभे राहून उत्तरेला पैनगंगेकडे पाहावे, हे चित्र आपल्यापुरते डोळ्यांसमोर येते. वर सागवानाचे जंगल, त्याच्या कडेने कोलाम, गोंड, आंध यांच्या वस्त्या, उतारावर बंजाऱ्यांचे तांडे, खाली कापसाची आणि तुरीची काळी जमीन, मग नदी आणि धनोड्याचा पूल ओलांडला की यवतमाळ जिल्हा. स्थळ, काम आणि लोक या तिन्हींचा एकत्र विचार केल्यावाचून गावाचा आराखडा काढू नये, असे गेडिस सांगत. माहूरला येणारा भाविक म्हणजे या साखळीतली फक्त एक कडी. सरपणाची मोळी घेऊन त्याच पायवाटेने उतरणारी बाईही त्या गावाची आहे, आणि आराखड्यात तिची वाट बहुधा दाखवलेली नसते.

भारतात ते आले 1914 मध्ये, साठीला आले असताना. मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांनी त्यांना त्यांच्या नगररचना प्रदर्शनासह बोलावले होते. नकाशे, चित्रे, जुन्या शहरांचे आराखडे असा वर्षानुवर्षे जमवलेला ठेवा वेगळ्या जहाजाने निघाला आणि जर्मनांच्या ‘एम्डेन’ या युद्धनौकेने ते जहाज वाटेत बुडवले. दुसरा कोणी परत गेला असता. इंग्लंडातल्या मित्रांनी घाईघाईने दुसरा संच जमवून पाठवला आणि 1915 च्या जानेवारीत मद्रासला प्रदर्शन भरले.

पुढची काही वर्षे हा दाढीवाला म्हातारा देशभर हिंडत होता. मदुराई, तंजावर, बडोदा, लखनौ, लाहोर, ढाका, जबलपूर, कपूरथळा. मुंबई इलाख्यात सुरत, अहमदाबाद, ठाणे, वांद्रे. पद्धत एकच. हातात नकाशा घेऊन सकाळपासून बोळन् बोळ पायी फिरायचा. कुठले घर पडके आहे, कुठली विहीर वापरात आहे, कुठे झाड आहे, कुठल्या देवळासमोर बायका थांबतात, हे टिपायचे. मग पडक्या घरांच्या जागा मोकळ्या करून त्या एकमेकींना जोडायच्या. एखादी ओसरी थोडी मागे घ्यायची, एखाद्या चौकात झाड लावायचे. शल्यविशारद जसा शक्यतो अवयव वाचवतो तशी ही शस्त्रक्रिया. तंजावरच्या किल्ल्यातल्या एका वस्तीत सरळ रुंद रस्त्यांची योजना आधीच तयार होती. तिचा खर्च किमान 30,000 रुपये धरला होता. गेडिसांनी फिरून जी योजना दिली तिचा अंदाज 5,000 रुपयांचा होता, आणि बेघर होणारी माणसे कितीतरी कमी.

रुंद रस्त्याला त्यांचा विरोध होता तो भावनेपोटी नव्हे. आपल्या हवेत रुंद सरळ रस्ता म्हणजे धूळ, ऊन आणि झळा. अरुंद वळणाची गल्ली म्हणजे दुपारची सावली, हे त्यांना दिसले. तळी डासांमुळे बुजवायचा हुकूम निघे, तेव्हा ती साफ करून त्यांत मासे आणि बदके सोडा, असे ते सुचवीत. घराबाहेर काढलेले गरीब कुटुंब पुढच्या वस्तीत गर्दी करते आणि रोग तिथे जातो, हा त्यांचा हिशेब पालिकांच्या हिशेबात कधी बसत नसे.

हे वाचताना लातूरकडच्या माणसाला किल्लारी आठवल्यावाचून राहत नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे दगडमातीच्या भिंती आणि त्यांवरची जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. सरकारी आकड्याप्रमाणे सुमारे 8,000 माणसे गेली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली 52 गावे जुन्या जागा सोडून नव्या जागी वसवण्यात आली. घरे भूकंपात टिकतील अशी बांधली गेली, ही मोठी गोष्ट आहे, आणि ज्याने आपल्या माणसांना दगडांखालून काढले त्याला दगडाच्या घराचे प्रेम शिकवण्याचा अधिकार कुणालाच नाही. पण गाव म्हणजे घरांची बेरीज नव्हे. नवी गावे जुन्यांच्या कित्येक पट जागेवर पसरली. सरळ रुंद रस्ते, चौकोनी प्लॉट. घराचा आकार जमिनीवरून ठरला, भूमिहीनाला 250 चौरस फूट आणि मोठ्या शेतकऱ्याला 750. मी यातल्या काही गावांत एप्रिलच्या दुपारी फिरलो आहे. रस्त्याला एवढी रुंदी की पलीकडच्या ओळीतल्या माणसाला हाक मारायला आवाज चढवावा लागतो. म्हाताऱ्यांना बसायला ढाळज नाही, शेत लांब, दळण लांब. पुढे लोकांनीच पत्र्याचे छप्पर काढले, अंगणाला कुंपण घातले, दाराशी कडुनिंब लावले, आणि हळूहळू गावात सावली आली. आखणी करणाऱ्यांपैकी कुणी जुन्या गावातून, निदान त्याच्या ढिगाऱ्यातून, वाचलेल्यांबरोबर आठवडाभर चालले असते तर ही सावली दहा वर्षे आधी मिळाली असती, असे माझे मत आहे.

1917 हे साल गेडिसांना फार कठीण गेले. एप्रिलमध्ये थोरला मुलगा अ‍ॅलिस्डेअर फ्रान्सच्या रणभूमीवर मारला गेला. अ‍ॅनाबाई तेव्हा भारतातच तापाने अंथरुणाला खिळलेल्या. आजारात हा धक्का नको म्हणून गेडिसांनी बातमी लपवली. जूनमध्ये कलकत्त्याला त्या गेल्या. मुलगा गेल्याचे त्यांना अखेरपर्यंत कळले नव्हते. त्यानंतर गेडिसांनी स्वतःला कामात बुडवून घेतले, आणि त्यातून त्यांचे भारतातले सर्वांत मोठे काम उभे राहिले, ते होळकरांच्या इंदूरला.

इंदुरात प्लेग होता. गल्लीत फिरणाऱ्या या साहेबाकडे लोक संशयाने पाहत, कारण नकाशा घेतलेला साहेब म्हणजे घर पाडणारा, असाच अनुभव होता. गेडिसांनी दरबाराकडून एका दिवसाचा कारभार मागून घेतला, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. त्यांनी जाहीर केले की यंदाची दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या वाटेने न जाता ज्या भागात सर्वांत जास्त सफाई आणि दुरुस्ती झाली असेल तिथून जाईल. शहर झाडले गेले, घरांना रंग लागले, गाड्याच्या गाड्या कचरा बाहेर गेला. मिरवणुकीत प्लेगचा राक्षस होता, उंदीर होते, शहराची नवी देवता होती. सफाई कामगार नवे कपडे घालून, हार घातलेले झाडू घेऊन मानाने चालत होते. शेवटी राक्षस जाळला गेला. 1918 मध्ये इंदूरचा दोन खंडांचा अहवाल छापला गेला. त्यात नाल्या आणि नदीघाट आहेत, बागा आहेत, ग्रंथालय आणि विद्यापीठ आहे, अंगणातल्या तुळशीचेही कौतुक आहे. 2017 पासून इंदूर देशात स्वच्छतेसाठी ओळ धरून पहिले येत गेले, त्याचे श्रेय आजच्या तिथल्या कामगारांचे आणि कारभाऱ्यांचे. पण त्या शहरात झाडूला एकदा हार पडला होता, हे लक्षात ठेवावे.

इथे एक प्रश्न मला गेडिसांना विचारावासा वाटतो. जुन्या वस्तीची वीण जपायची म्हणजे नेमके काय जपायचे? मराठवाड्यातल्या जुन्या गावाची आखणी सावलीच्या सोयीने झाली तशी जातीच्या सोयीनेही झाली. ज्यांना पाणवठा वेगळा होता, ज्यांचे घर गावकुसाबाहेर होते, त्यांच्या पायांना त्या गावातल्या सगळ्या वाटा मोकळ्या नव्हत्या. चालण्याजोगे गाव म्हणताना कुणाला चालण्याजोगे, हे विचारलेच पाहिजे. गेडिस झाडूवाल्यांचा सन्मान करीत, पण जातीनुसार वसलेल्या गल्ल्यांकडे ते बरेचसे शेजारधर्माच्या नजरेने पाहत. परक्या माणसाची ही मर्यादा समजण्याजोगी आहे. आपण ती पुढे चालवण्याचे कारण नाही. किल्लारी परिसरातल्या अनेक नव्या गावांतही प्लॉट वाटताना पुन्हा जातीप्रमाणे ओळी पडल्या. रुंद रस्त्याने हे अंतर मिटत नाही आणि अरुंद गल्लीनेही आपोआप मिटत नाही.

1919 मध्ये मुंबई विद्यापीठाने समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा विभाग काढला आणि तो गेडिसांकडे सोपवला. व्याख्याते म्हणून ते कठीणच होते. दाढीतल्या दाढीत पुटपुटत, मध्येच कागदाच्या घड्या उलगडत. मागच्या बाकावर काही ऐकू जात नसे. पण विद्यार्थ्यांना घेऊन ते शहरात फिरत, आणि शिकवणे ते तिथे होत असे. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये हे त्यांच्या विभागातून निवडून इंग्लंडला गेले आणि 1924 मध्ये परतून त्यांनीच तो विभाग सांभाळला. घुर्यांनी जात, साधू, आदिवासी यांवर जे प्रचंड काम केले त्याची वाट गेडिसांच्या वाटेहून वेगळी; गुरूचा गबाळेपणा तर त्यांच्यात औषधालाही नव्हता. आपल्या भागाशी गेडिसांचा एक धागा निजामाकडून येतो. उस्मानिया विद्यापीठाच्या उभारणीसाठी हैदराबाद सरकारने त्यांचा सल्ला घेतला होता. मराठवाड्यातली मुले पुढे त्याच विद्यापीठात शिकायला गेली. जगदीशचंद्र बोस यांचे चरित्र त्यांनी 1920 मध्ये लिहिले. रवींद्रनाथांशी त्यांचा स्नेह होता आणि धाकटा मुलगा आर्थर काही काळ श्रीनिकेतनात काम करीत होता.

नांदेडला 2008 च्या गुरुत्तागद्दी सोहळ्याच्या आगेमागे रस्त्यांची मोठी कामे झाली. पदपथ, सायकलीची पट्टी, झाडांच्या रांगा, विक्रेत्यांना जागा, असा विचार करून दिल्लीचे वास्तुविशारद प्रदीप सचदेव यांनी काही रस्ते आखले. त्यांवरून मी रोज चालत आलो आहे. काही ठिकाणी पदपथावर आता दुचाक्या उभ्या असतात, सायकलीच्या पट्टीवर फळगाडे. तरी संध्याकाळी म्हातारी माणसे ज्या रस्त्यांवर बिनधास्त फिरताना दिसतात ते बहुतेक हेच. वास्तुविशारद काय करू शकतो याचे उत्तर इतक्या साध्या जागी असते: पदपथाची उंची, दोन झाडांमधले अंतर, बसायचा कट्टा उन्हात येतो की सावलीत. माहूरच्या पायऱ्यांवरही हेच मोजावे लागेल. सत्तरीची बाई किती पायऱ्यांनंतर थांबते? तिथे सावली आहे का? पाणी तिच्या हाताच्या उंचीवर आहे का? लेकुरवाळीला आडोसा आहे का? परिक्रमेच्या वाटेवर पावसात कुठले दगड घसरतात? हे मोजायला मोठा निधी लागत नाही. चार वेगवेगळ्या दिवशी कुणीतरी चढून उतरून ते टिपायला हवे, आणि ते टिपण आराखडा काढणाऱ्याच्या टेबलावर रस्तारुंदीच्या आधी यायला हवे.

प्रकृती ढासळल्यामुळे 1924 मध्ये गेडिसांनी भारत सोडला. दक्षिण फ्रान्समध्ये माँपेलिए इथे माळरानावर त्यांनी शिकणाऱ्यांसाठी घर बांधायला घेतले. पैशाची ओढाताण तिथेही चालूच राहिली. 1925 मध्ये तेल अवीवचा आराखडा त्यांनी दिला आणि त्याच्या रस्त्यांवर ते शहर वाढले. अमेरिकेतले लुईस ममफर्ड त्यांना गुरू मानत आणि त्यांनी आपल्या मुलाचे नाव गेडिस ठेवले होते. 1932 च्या आरंभी सरदारकीचा किताब मिळाला. त्याच वर्षी 17 एप्रिलला माँपेलिए इथे ते वारले. भारतातल्या शहरांवर त्यांनी लिहिलेले अहवाल कचेऱ्यांच्या कपाटांत पडून होते. 1947 मध्ये जॅकलीन टिरव्हिट यांनी त्यांतले निवडक उतारे इंग्लंडात पुस्तकरूपाने काढले. ठाण्यासह मुंबई इलाख्यातल्या सहा शहरांवरचे त्यांचे 1915 चे अहवाल महाराष्ट्र शासनाने 1965 मध्ये छापले.